जखमी कोई, तीनशे लिटरची टाकी आणि विहिरीचं पाणी

प्रश्न गुहागरजवळच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेलं साधारण ५,००० लिटरचं तळं, त्यात आठ-दहा कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे. त्यांतल्या ३५ सेंटिमीटरच्या लाल-पांढऱ्या कोईच्या कुशीवर अंगठ्याएवढी जखम झाली. तीन-चार खवले गेले, आत लाल मांस दिसतं. ३०० लिटरच्या सिंटेक्स टाकीत विहिरीचं पाणी भरून त्याला वेगळा ठेवला, दोन मुठी मीठ आणि चमचाभर हळद घातली, हवेचा पंप लावला. पहिले दोन दिवस बरा होता, खाल्लंही. तिसऱ्या दिवसापासून पर मिटून तळाशी बसतो आणि पहाटे वर येऊन तोंड वासतो. जखम आहे तशीच आहे. कुठलं औषध घालू?

ताई, आज कुठलंच औषध घालू नका. जखम आहे तशीच आहे आणि मासा मात्र खालावलाय, म्हणजे त्रास जखमेचा नाही, टाकीचा आहे. वेगळ्या ठेवलेल्या कोई बहुतेक वेळा अशाच जातात. जखम भरत असते आणि मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरत असतो. मग लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही.

आत्ता एवढं करा. खाणं बंद. टाकीच्या तळाशी साचलेली घाण आणि हळद नळीने ओढून काढा. दोन-तीन तासांच्या अंतराने दोनदा, दर वेळी पाव टाकी पाणी बदला आणि नवं पाणी विहिरीचं न घालता तळ्यातलंच घाला. तळ्यातले बाकीचे मासे ठणठणीत आहेत, म्हणजे ते पाणी तपासून घेतल्यासारखंच आहे. हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा) एक असेल तर दोन करा. एवढ्यावर उद्या सकाळपर्यंत माशाने पर उघडले तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता कारण. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उपाशी असला तरी. तळ्यात तो अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या मॅटवर, दगडांवर, भिंतींवर वस्तीला असतात. तुमच्या नव्या टाकीत ते जवळपास शून्य. त्यात तुम्ही त्याला खायला घातलं. साधारण हिशेब असा की एक किलो कोरड्या खाद्यामागे तीसेक ग्रॅम अमोनिया तयार होतो. म्हणजे चमचाभर, ५ ग्रॅम दाण्यांचा ०.१५ ग्रॅम. टाकी काठापर्यंत कोणी भरत नाही, तेव्हा पाणी २५० लिटर धरू. लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम झाला, एका जेवणात. दोन दिवसांत हा आकडा कुठे जातो ते तुम्हीच मोजा. म्हणून पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी मासा बसतो.

हा अमोनिया किती विषारी, ते पाण्याच्या पीएचवर (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा, ७ म्हणजे मध्यावर) आणि तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तेच सात-साडेसात भाग होतात. त्यामुळे तपासणी किटवर अमोनियाचा नुसता आकडा बघून उपयोग नाही, शेजारी पीएच लिहायलाच हवा. थेंबांचं किट घ्या, पट्ट्या नकोत. आपल्या दमट हवेत डबी एकदा उघडली की पट्ट्यांचा भरवसा राहत नाही.

कोकणातल्या विहिरींबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण परदेशी पुस्तकांतलं पाणी आणि आपलं पाणी एक नाही. जांभ्यातलं पाणी मृदू, किंचित आम्लधर्मी आणि कार्बोनेट फार कमी असलेलं. किटवर केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, मोजलात तर १ किंवा २ अंश दिसेल, कधी तेवढाही नाही. अशा पाण्याला पीएच धरून ठेवता येत नाही. टाकीत घाण वाढली की पीएच घसरतो, आणि ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास बंद पडतं. त्यातही एक फसवं सुख असतं. पीएच खाली असताना अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो, मासा तगून राहतो. मग कोणीतरी चांगल्या भावनेने सोडा टाकतं, पीएच एकदम ८ वर जातो आणि तासाभरात मासा आडवा होतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी पाणी बदलून अमोनिया खाली आणायचा, मग सोडा. पाणी दोन टप्प्यांत बदला म्हटलं तेही याचसाठी, पीएचची उडी एकदम बसू नये म्हणून.

सोडा म्हणजे खायचा सोडा, धुण्याचा नव्हे. २५० लिटरला १५ ग्रॅम घातला की केएच साधारण २ अंशांनी वाढतो. मगभर पाण्यात विरघळवून, हवेच्या दगडावर हळूहळू ओतायचा. केएच ४ च्या खाली जाऊ देऊ नका. तळ्याच्या फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत धुतलेली कालवांची शिंपलं ठेवलीत तर तिथे हे काम आपोआप, संथपणे होत राहतं. आपल्याकडे शिंपल्यांचा तोटा नाही. टाकीत मात्र तेवढा वेळ नसतो, तिथे सोडाच.

विहिरीचं ताजं काढलेलं पाणी थेट टाकीत ओतू नका. त्यात कर्बवायू जास्त आणि प्राणवायू कमी असतो. ड्रममध्ये भरून रात्रभर हवा सोडा. सकाळी पीएच मोजलात तर बहुधा संध्याकाळपेक्षा वर आलेला दिसेल, आणि तोच खरा. पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पूड) टाकून जातो, आणि ती कधी टाकली ते घरच्यांना ठाऊकही नसतं. माणसांसाठी ते योग्यच आहे, पण क्लोरीन कल्ले जाळतो. पाण्याला वास आला किंवा शंका आली तरी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात हायपो म्हणून मिळणारे खडे, २५० लिटरला ५ ग्रॅम घालून हवा सोडा. पावडर आजच टाकल्याचं कळलं तर त्या दिवशी विहिरीला हात न लावता तळ्याचंच पाणी वापरा. पागोळ्यांचं पाणीही नको. त्यात कार्बोनेट नसतंच, आणि छपरावर पत्रे असतील तर जस्त उतरतं.

आता मीठ. तुम्ही घातलंत हे बरोबर, पण दोन मुठी म्हणजे किती? कोईच्या रक्तात क्षार सुमारे ०.९ टक्के असतात, गोड्या पाण्यात जवळपास काहीच नसतात. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरू बघतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत राहतात. कातडी फाटली की तिथून पाणी जास्त शिरतं, क्षार बाहेर निघतात आणि मासा सगळी शक्ती त्यात घालवतो. पाण्यात ०.३ टक्के मीठ केलं की हा ताण कमी होतो. ०.३ टक्के म्हणजे लिटरला ३ ग्रॅम, तुमच्या २५० लिटरला ७५० ग्रॅम. एकदम नाही. सकाळी २५०, संध्याकाळी २५०, दुसऱ्या दिवशी सकाळी २५०, प्रत्येक वेळी बादलीत पूर्ण विरघळवून. तळाशी पडलेल्या खड्यावर मासा टेकला तर कातडी भाजते, आणि आजारी मासा तळालाच टेकतो. पाणी बदलताना मात्र हिशेब चुकवू नका. मीठ उडून जात नाही. ८० लिटर पाणी काढलंत तर नव्या ८० लिटरपुरतंच, म्हणजे २४० ग्रॅम घालायचं. दर वेळी ‘थोडं आणखी’ करत गेलेल्या टाक्या आठवड्यात खाडीच्या पाण्यासारख्या होतात.

मीठ शिरोड्याच्या किंवा पेण-उरणकडच्या मिठागरांतलं जाडं चालतं. आधी थोडं विरघळवून खाली माती बसते का ते बघा आणि वरचं निवळ घ्या. घरात फक्त आयोडीनयुक्त पुडा असेल तर तोही चालेल. या मात्रेत आयोडीन इतकं कमी जातं की त्याची भीती बाळगायचं कारण नाही. समुद्र दारात आहे म्हणून समुद्राचं पाणी आणायची कल्पना दर वर्षी कोणाला तरी सुचते. हिशेबाने २५० लिटरला वीस-एकवीस लिटर पुरेल, पण खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात त्या पाण्याचा खारेपणा रोज वेगळा असतो, शिवाय बंदराजवळ डिझेल आणि मासळीची घाण. नकोच ते.

किनाऱ्यालगत असाल तर विहीरच मचूळ नाही ना, ते मे महिन्यात नक्की बघा. उन्हाळ्याच्या शेवटी अनेक विहिरींत खारं पाणी शिरतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर पुरतो. विहिरीचं पाणी १,००० दाखवत असेल तर लिटरला जवळपास एक ग्रॅम क्षार आधीच आहेत असं धरून मीठ कमी करा. ०.३ टक्क्यांच्या टाकीत तो मीटर ३,००० च्या आसपास दाखवतो. रोज सकाळी बघायला हा सोपा आकडा आहे.

आणि मीठ असलेल्या टाकीत झिओलाइटचे दगड ठेवू नका. दुकानदार ते अमोनिया शोषण्यासाठी देतो आणि गोड्या पाण्यात ते शोषतातही, पण मिठाच्या पाण्यात तेच दगड शोषलेला अमोनिया परत सोडतात. दोन्ही उपाय एकेकटे चांगले, एकत्र घातक.

फिल्टरसाठी नवं काही विकत घेण्याआधी तळ्याच्या फिल्टरमधला मॅटचा एक तुकडा काढा. तो नळाखाली धुऊ नका. टाकीत घाला किंवा स्पंज फिल्टरला बांधा. जिवाणूंची वस्ती तयारच मिळते. तरीही पहिल्या दोन आठवड्यांत रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायची तयारी ठेवा. एवढं जमणार नसेल तर वेगळी टाकी मांडूच नका, मासा तळ्यातच राहू द्या. हे मी गंभीरपणे सांगतोय. नुसते खवले गेलेत, मांस उघडं नाही, मासा खातोय, बाकीच्यांबरोबर फिरतोय, अशा कोईला हात लावायचं कारण नाही. बाकीचे त्रास देत असतील तर तळ्यातच हापा बांधा, मत्स्यबीज ठेवतात तो बारीक जाळीचा. पाणी तळ्याचं, फिल्टर तळ्याचा, मासा एकटा. मीठ देता येत नाही, एवढीच उणीव. तुमच्या माशाचं मांस दिसतंय म्हणून टाकी योग्य आहे. पण उद्या सकाळपर्यंत तो सुधारला नाही तर हापा हीच त्याची सुरक्षित जागा समजा.

टाकी कुठे ठेवलीत ते लिहिलेलं नाही. पडवीत, सावलीत, जिथे दिवसभर येणं-जाणं नाही अशी जागा हवी. वर जाळं ताणून बांधा. बिथरलेली कोई सहज उडी मारते, आणि सकाळी अंगणात सापडलेल्या माशाला औषध नसतं. जुन्या होडीच्या जाळ्याचा तुकडा यासाठी उत्तम. मच्छर अगरबत्ती, मच्छर मारायचं लिक्विड, फवारा यांतलं काहीही त्या पडवीत नको. त्यातली पायरेथ्रॉइड माणसाला फारशी बाधत नाहीत पण माशाला अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यातच सोडतो. पाहुण्यांसाठी संध्याकाळी कॉइल लावत असाल तर आधी टाकीची जागा बदला. याच कारणाने मोहोराच्या दिवसांत हापूसच्या फवारणीचा वारा तळ्याकडे येणार नाही असं बघा. आणि पोफळींवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतात त्या दिवशी तळं झाका. त्यातलं तांबं आपल्यासारख्या मृदू पाण्यात जास्तच मारक ठरतं. मासा धुवायला, ठेवायला तांब्याचं घंगाळ काढायचं नाही, हे ओघाने आलंच.

३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू भरून भरून लिटरला साडेसात मिलिग्रॅमच मावतो, त्यामुळे पंप बंद पडून चालत नाही. वादळी पावसात लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही. बॅटरीवर चालणारा हवापंप घेऊन ठेवा. तो येईपर्यंत, लाईट गेल्यास, मगाने पाणी उचलून हातभर उंचीवरून टाकीतच ओतत राहायचं. कंटाळवाणं आहे पण रात्र निभावते.

जखमेकडे येतो. आधी ती कशाने झाली ते बघा, कारण उपचार थोडे बदलतात. बगळ्याची चोच पाठीवर खोल खड्डा करते. पाणकावळा धरायला जातो तेव्हा दोन्ही बाजूंना ओरखडे दिसतात. एकाच कुशीवर घासलेला, खवले निघालेला पट्टा असेल तर चिरा. जांभ्याची धार खवल्यांना किसणीसारखी लागते, आणि विणीच्या वेळी नर मादीला भिंतीशी रेटतात तेव्हा तर हमखास. गोल, काठाला पांढरी कडा आणि मधे लाल असा व्रण असेल, तोही दोन-तीन माशांना, तर ती जखम नाही, जिवाणूंचा रोग आहे. मग तळ्याचंच पाणी तपासायला हवं. जखमेच्या मध्यातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो नांगरकृमी. त्याला चिमट्याने मुळाजवळ धरून काढावं लागतं. तुमच्या वर्णनावरून मला चिरा वाटतो.

घासलेली, स्वच्छ दिसणारी जखम असेल तर तिला हात लावू नका. माशाची वरची कातडी फार वेगाने सरकते. उबदार पाण्यात छोट्या जखमेवर पातळ पापुद्रा काही तासांत चढू लागतो आणि एक-दोन दिवसांत झाकही बसतो. तो आपल्याला दिसत नाही, जखम लालच दिसते. रोज मासा धरून कापूस फिरवणारा माणूस तो पापुद्राच रोज पुसून काढत असतो. शिवाय प्रत्येक वेळी धरताना अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि जंतूंविरुद्ध माशाचं पहिलं कवच तेच.

सुटलेला खवला लोंबतोय, चिखल अडकलाय किंवा कापसासारखी बुरशी आलीय, तर एकदाच साफ करायचं. पूर्ण तयारी करून. मासा जाळ्याने उचलू नका आणि पाग टाकून तर मुळीच धरू नका. नायलॉनच्या फासात उरलेले खवलेही जातात. रुंद जाळ्याने त्याला टबाकडे वळवा आणि टबासकट, पाण्यासकट उचला. शांत करायला लवंग तेल लागतं. औषधाच्या दुकानात दातांसाठी मिळतं तेच, पण बाटलीवर शुद्ध लवंग तेल लिहिलेलं हवं. दुसऱ्या तेलात मिसळलेलं नको. टाकीतलंच २० लिटर पाणी टबात घ्या. ०.६ मिली तेल छोट्या बाटलीत कोमट पाण्यासोबत दुधासारखं होईपर्यंत हलवा आणि टबात मिसळा. हवा चालू ठेवा. चार-पाच मिनिटांत मासा कलंडतो. शेपटीजवळ हलकं दाबलं तरी पळत नाही, पण कल्ले हलत असतात. तेवढंच हवं. पाच मिनिटांनीही जागाच असेल तर आणखी ०.४ मिली, त्यावर नाही. कल्ल्यांची हालचाल थांबली तर काम अर्धवट सोडून लगेच साध्या पाण्यात न्या आणि पुढे सरकवत तोंडातून पाणी वाहू द्या.

ओल्या टॉवेलवर आडवा, डोळ्यांवर टॉवेलची घडी. सुटलेलाच खवला चिमट्याने काढा. घट्ट असलेला उपटू नका. सलाइनने धुवा, कापसाच्या काडीने घाण टिपा, पोव्हिडोन आयोडीनचा एक हात द्या, अर्ध्या मिनिटाने सलाइनने पुन्हा धुवा. आयोडीन कल्ल्यांत किंवा डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून शेपटीकडे ओघळेल असा मासा धरा. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं तेव्हा काम होतंय असं वाटतं, पण ते चांगलं मांसही जाळतं. ते बाजूला राहू द्या. सगळं दोन मिनिटांत उरकून मासा टाकीत, हवेच्या दगडाजवळ. पाचेक मिनिटांत सरळ होतो.

हळदीबद्दल. आपल्याकडे जखम म्हटली की हात हळदीच्या डब्याकडेच जातो. पण पाण्यात ती माशाला चिकटत नाही. पाण्यात लोंबकळते, तळाशी बसते, कुजते आणि पाणी इतकं पिवळं करते की जखम दिसेनाशी होते. कडुनिंबाचा काढाही नको, त्यातले घटक जास्त झाले तर माशाला विषारी ठरतात आणि घरगुती काढ्याची मात्रा कोणालाच मोजता येत नाही.

औषधांचं थोडक्यात. मिथिलीन ब्लू फिल्टरचे जिवाणू मारतं, म्हणजे आपण जे जमवतोय तेच जातं. मॅलकाइट ग्रीन घरात ठेवण्याच्या लायकीचं नाही, माणसालाही घातक आहे. पोटॅशियम परमँगनेट उपयोगी आहे पण लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे २५० लिटरला अर्धा ग्रॅम, आणि तेही वजनकाट्यावर तोलून. चिमटीने घालायची ही वस्तू नाही. सध्या तुमच्या माशाच्या कल्ल्यांना आधीच त्रास झालेला आहे, त्यामुळे तेही नको. अँटिबायोटिकच्या गोळ्या पाण्यात विरघळवू नका. माशाच्या अंगात फारसं जात नाही, फिल्टर मात्र मरतो आणि उरलेलं पाणी वहाळात जाऊन औषधाला न जुमानणारे जंतू घडवतं. जखम वाढत गेली, पोटावर लाल शिरा उमटल्या, खवले उभे राहिले, डोळे फुगले किंवा तोंडाशी-कल्ल्यांशी पिवळट पांढरा थर येऊन एका दिवसात पसरला, तर इंजेक्शन लागतं. ते पशुवैद्याने, मासा तोलून द्यायचं. ३५ सेंटिमीटरची कोई साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर भरते. दवाखान्यात फोन करताना एवढं सांगितलंत तर डॉक्टरांनाही सोपं जातं. माशांचा सराव असलेला डॉक्टर जवळ नसेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे विचारा. पाणी आणि माशाचे स्वच्छ फोटो सोबत न्या.

खाणं तीन दिवस तरी बंदच. पाऊण किलोच्या कोईला त्याने काही होत नाही. नंतर अमोनिया शून्याजवळ असेल तरच, दिवसातून एकदा चार-सहा दाणे. पाच मिनिटांत उरलेले काढून टाका. भूक लागलेला मासा वर येऊन मागतो आणि आपलं मन विरघळतं. घरातल्या बाकीच्यांना, विशेषतः आजीला आणि पाहुण्यांच्या मुलांना, आधीच सांगून ठेवा.

भरणारी जखम अशी दिसते: काठ आत सरकतात, गडद लाल रंग फिका गुलाबी होतो, वर मळकट पांढरा पापुद्रा येतो, कधी काठाला काळसर छटा धरते. ती काळी छटा बघून घाबरू नका, बरं होताना तसा रंग येतो आणि पुढे जातो. आपल्या उष्ण पाण्यात तुम्ही सांगितलीत त्या आकाराची जखम दोन-तीन आठवड्यांत बंद व्हायला हरकत नाही. खड्डा खोल असेल तर दीड महिनाही लागतो. खवले त्यानंतर सावकाश येतात, आणि त्या जागेची लाल-पांढऱ्याची रेघ पूर्वीसारखी जुळेलच असं नाही.

कातडी बंद झाली की मीठ उतरवायला घ्या. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, नव्या पाण्यात मीठ नाही, आणि ते पाणी पुन्हा तळ्याचं. टीडीएस तळ्याच्या आकड्याजवळ आला की मासा टबातून परत सोडा. काढलेलं खारट पाणी माडाच्या आळ्यात ओता, माडाला चालतं. हापूसच्या कलमांना आणि मिरवेलीला नको.

तो परत जाण्याआधी तळ्याच्या भिंतीवरून हात फिरवा. जिथे तळव्याला धार लागते तिथेच खवले गेलेत. पाणी थोडं उतरवून तेवढे चिरे घासून गुळगुळीत करा किंवा तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घाला. सिमेंटचा गिलावा केलात तर तो आठवडे चुना सोडतो आणि पीएच वर नेतो, त्यामुळे मासे आत असताना नको.

आज संध्याकाळी टाकीचा अमोनिया, पीएच आणि केएच मोजा, विहिरीचा आणि तळ्याचा टीडीएस मोजा, आणि ते पाच आकडे कळवा. सोबत जखमेचा एक फोटो, वरून नको, कुशीच्या बाजूने, टबात घेतलेला. इंजेक्शन लागेल का ते त्यावरूनच सांगता येईल.